स्वस्त गोळीसाठी रायफल घेतली, मग हिशोब कुठे चुकला?

रायफल एकदाच घ्यायची असते, गोळ्या मात्र प्रत्येक सरावाला लागतात. एका दुपारी दोनशे गोळ्या सहज उडतात. म्हणून अमेरिकेत अनेक जण आधी गोळीचा भाव बघतात आणि मग त्या कॅलिबरची रायफल घेतात. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. अडचण अशी, की एका कॅलिबरची रायफल दुसऱ्याची गोळी घेत नाही.

शीतयुद्ध संपलं तेव्हा हिशोब सोपा होता. एआर-१५ ला लागणारी ५.५६ मिमीची गोळी पितळी पुंगळीची, म्हणून महाग. एके-४७ ची ७.६२×३९ रशिया आणि चीनमधून ढिगाने यायची, पुंगळी पोलादाची, भाव बराच कमी. (अमेठीत बनणारी एके-२०३ हीच गोळी वापरते.)

मग कायदा आडवा आला

पिस्तुलात चालू शकेल अशी चिलखतभेदी गोळी आयात करायला अमेरिकेत १९८६ पासून बंदी आहे. गोळी रायफलची असली, तरी त्याच कॅलिबरचं पिस्तूल बाजारात आलं आणि गोळीत पोलादी गाभा असला, की ती या बंदीत सापडते. १९९४ मध्ये चिनी ७.६२ गोळ्यांचं हेच झालं. पुढे काटकसर करणारे ५.४५×३९ कडे वळले, कारण सोव्हिएत काळातल्या डबाबंद ७एन६ गोळ्या मातीमोल भावात मिळत होत्या. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचीही आयात याच कलमाखाली थांबली. एकाच दगडाला दोनदा ठेच!

तिसरा धक्का राजकारणाचा

रशियातले विरोधी नेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावर ऑगस्ट २०२० मध्ये विषप्रयोग झाला. त्यावरून अमेरिकेने वर्षभराने निर्बंध जाहीर केले आणि ७ सप्टेंबर २०२१ पासून रशियन गोळ्यांच्या आयातीला नवे परवाने देणं बंद केलं. आधीचे परवाने मुदतीपर्यंत चालले, म्हणून दुकानं एका रात्रीत रिकामी झाली नाहीत. निर्बंध किमान १२ महिन्यांसाठी होते. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ते उठण्याची आशा मावळली. आज ७.६२×३९ आणि ५.५६ च्या भावातला जुना फरक जवळपास पुसला गेलाय.

म्हणजे ती गोळी मुळात स्वस्त नव्हतीच. दुसऱ्या देशाचा जुना साठा आणि तिथलं स्वस्त उत्पादन तिला स्वस्त ठेवत होतं.

मग खरंच स्वस्त काय?

पॉइंट २२. इवलीशी गोळी, चिमूटभर दारू, त्यामुळे खर्चच कमी. तिचा व्यास ५.५६ च्या जवळपास तेवढाच असल्याने एआर-१५ मध्ये बोल्ट आणि मॅगझीन बदललं की त्याच नळीतून सराव करता येतो. एकेवाल्यांना इतकी सोपी सोय नाही. अर्थात २०१३ मध्ये, बंदुकांवर कडक कायदे येणार या धास्तीने लोकांनी साठे केले, तेव्हा दुकानांतून ही पॉइंट २२ सुद्धा गायब झाली होती.