अपंग मूल आणि संरक्षणाचा हक्क

बालकांच्या रक्षणासाठी आपल्या देशात कायदे नाहीत, असे आता कोणासही म्हणता येणार नाही. २०१५ चा बाल न्याय अधिनियम आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम आहे. जिल्ह्यास बाल कल्याण समिती आहे, बाल संरक्षण कक्ष आहे आणि संकटातील बालकासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. परंतु ही सारी व्यवस्था एक गोष्ट मनाशी धरून चालते. संकटात सापडलेले मूल धावू शकते, पाहू शकते, ऐकू शकते आणि काय घडले ते शब्दांत सांगू शकते, असे ती समजते. जे मूल यांपैकी एखादी गोष्ट करू शकत नाही, त्याच्यापुरते हे उघडे दार बंदच राहते. जिला ऐकू येत नाही व बोलता येत नाही, त्या मुलीने दूरध्वनी उचलून काय करावे?

उघडे म्हणून जाहीर झालेले आणि प्रत्यक्षात बंद असलेले दार म्हणजे काय, हे आपणांस निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ साली केला. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे ठरविले. तरीही २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर स्वतः चालत जावे लागले. कागदावरील हक्क आणि ओंजळीतील पाणी यांत किती अंतर असते, हे ज्या समाजाने सोसले, त्याच समाजाच्या घरांत आज असे एखादे मूल आहे की ज्याच्या ओंजळीपर्यंत कायद्याचे पाणी पोहोचलेले नाही. आजचा हा लेख त्या मुलासाठी आहे.

हा प्रश्न थोड्यांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत एकोणीस वर्षांपर्यंतची मुले ७८ लाखांहून अधिक होती. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण शेकडा २.२१ होते; अनुसूचित जातींमध्ये ते शेकडा २.४५ होते. हा फरक दैवाने पाडलेला नाही. गरोदर मातेचे कुपोषण, दवाखाना दूर असताना झालेले बाळंतपण, वेळेवर न झालेला उपचार आणि अंगमेहनतीची धोक्याची कामे यांचा तो हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अपंग मुलांवर हिंसा होण्याचा संभव इतर मुलांच्या ३.७ पट असतो, असे त्यात आढळले. म्हणजे ज्या मुलास संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच वाट्याला ते सर्वांत कमी येते.

असे का व्हावे? पहिले कारण आपल्या उंबऱ्याच्या आत आहे, म्हणून प्रथम तेच बोलू. दीक्षा घेऊन आपल्या कुटुंबास काही वर्षे झाली असतील. घरातील देव्हारा गेला, नवससायास गेले. पण घरात अंध किंवा बुद्धीने मंद मूल जन्मले की आजही कोणी तरी हळूच म्हणते, "मागल्या जन्मीचे भोग आहेत." बंधुभगिनींनो, हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, त्या घरातून जुना धर्म अद्याप गेलेला नाही. आपल्या वाडवडिलांस गावकुसाबाहेर ठेवताना हेच वाक्य सांगितले जात होते! 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त नाकारला आहे. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला व समाजाला टाळता यावी, याखेरीज त्याचा दुसरा हेतू दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आहे. मुलाचे अपंगत्व हे पूर्वकर्माचे फळ ठरविले की दवाखाना, शाळा आणि सरकार यांपैकी कोणासही जाब विचारण्याचे कारण उरत नाही. पापाला शिक्षा असते, हक्क नसतो.

हीच गोष्ट नावांची. आपल्या माणसांना तुच्छतेने हाका मारल्या जात, त्याविरुद्ध आपण झगडलो. मग आपल्याच अंगणात 'मुकी', 'लंगड्या', 'येडा' या हाका कशा चालतात? ज्या मुलास नावाने हाक मारली जात नाही, त्याच्यावर झालेल्या अन्यायाचीही कोणी नावानिशी नोंद करीत नाही.

तथागतांचा मार्ग याहून निराळा होता. चुल्लपंथक नावाच्या भिक्षूस चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्याच्या सख्ख्या वडील भावाने, महापंथकाने, त्यास विहारातून निघून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्यास परत आणले, हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत राहून मळाचे चिंतन करण्यास शिकविले. त्याच मार्गाने तो अर्हत झाला. शिष्य बदलला नाही. शिकविण्याची रीत बदलली. खुज्जुत्तरा ही राणी सामावतीची दासी होती आणि पाठीने कुबडी होती. बहुश्रुत उपासिकांमध्ये तथागतांनी तिला अग्रस्थान दिले. तिच्या कुबडाचे कारण म्हणून अट्ठकथांत पूर्वजन्मीची एक कथा जोडलेली आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु जे बुद्धीला पटत नाही आणि माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, ते बुद्धवचन मानू नये, ही कसोटी बाबासाहेबांनीच आपल्या हाती दिली आहे. कुबडाची कथा सोडावी आणि अग्रस्थानाची गोष्ट मुलांस सांगावी.

दुसरे कारण सेवांच्या रचनेत आहे. बाल कल्याण समितीवर एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. विशेष शिक्षणाची पदवी ही सदस्यत्वाच्या अनेक पात्रतांपैकी एक आहे. पण तशा जाणकारासाठी एकही जागा राखून ठेवलेली नाही. आपल्या राज्यात बाल संरक्षण हे महिला व बाल विकास विभागाकडे आणि अपंगांच्या शाळा व वसतिगृहे २०२२ साली स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाकडे. अपंग बालकाचे प्रकरण आले की एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते आणि मूल दोहोंच्या मध्ये उभे राहते. सामान्य बालगृहात त्याची सोय नसली, की त्यास दूरच्या निराळ्या संस्थेत पाठविण्याचा मार्ग सर्वांस सोपा वाटतो.

मूकबधिर मुलांना खुणांच्या भाषेचे शिक्षण देणाऱ्या चांगल्या विशेष शाळांविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. परंतु गावापासून व आईबापांपासून तोडलेली, कोणाचेही येणेजाणे नसलेली संस्था म्हणजे नवे गावकूस होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या वसतिगृहात मुले दगावल्याचे वृत्त आले, तेव्हा २०१० साली मुंबई उच्च न्यायालयास स्वतः होऊन दखल घ्यावी लागली. २०११ साली पनवेलजवळ कळंबोली येथील अशाच एका संस्थेत मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि २०१३ साली सत्र न्यायालयाने त्या प्रकरणी शिक्षा सुनावल्या. या मुलांची हाक भिंतींबाहेर येऊ शकत नव्हती, आणि बाहेरून आत डोकावणारेही कोणी नव्हते.

कायदा याबाबत आंधळा नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या अधिनियमाचे कलम ९ सांगते, की केवळ अपंगत्वाच्या कारणाने कोणतेही मूल आईबापांपासून वेगळे करता येत नाही. मुलाच्या हिताचे असेल तर आणि सक्षम न्यायालयाच्या आदेशानेच तसे होऊ शकते. आईबाप असमर्थ असले तर प्रथम जवळचे नातलग, मग समाजातीलच एखादे कुटुंब आणि अपवादानेच निवारागृह, असा क्रम त्यात आहे. कलम ३१ प्रमाणे सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. छळ झाल्यास कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे व्यवहारात तहसीलदाराकडे, दाद मागता येते.

लैंगिक अपराधांविरुद्धच्या २०१२ च्या कायद्यात बालकाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला अपराध अधिक गंभीर मानलेला आहे. अशा बालकाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाचे किंवा त्याच्या खुणा जाणणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य घेण्याची तरतूद आहे. २०२० च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाषे, विशेष शिक्षक व साहाय्यक व्यक्ती यांची नोंदवही ठेवावयाची आहे. तुमच्या जिल्ह्यात ही नोंदवही आहे काय? तिच्यात खुणांची भाषा जाणणारा एक तरी माणूस आहे काय? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली एक साधा अर्ज करून हे विचारता येते. गावोगावच्या बौद्ध मंडळांनी तो अवश्य करावा.

"कोर्टात हे पोर काय सांगणार?" असे म्हणून गावात प्रकरण मिटविले जाते. या म्हणण्यास सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०२१ रोजी उत्तर दिले आहे. आंध्र प्रदेशातील अनुसूचित जातीच्या एका अंध तरुणीने आपल्यावर बलात्कार करणाऱ्यास आवाजावरून ओळखले होते. न्यायालयाने तिची साक्ष ग्राह्य धरली आणि आरोपीची जन्मठेप कायम केली. अपंग साक्षीदाराची साक्ष केवळ अपंगत्वामुळे कमी प्रतीची ठरत नाही, असे सांगून स्त्रीत्व, जात व अपंगत्व यांचे ओझे एकाच व्यक्तीवर कसे एकत्र पडते, याचेही विवेचन केले. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा तेथे टिकली नाही, कारण तो अपराध तिच्या जातीमुळे झाला असा पुरावा नोंदीवर आलेला नव्हता. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे कलम बदलले आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीस ठाऊक होते, एवढे सिद्ध होणे आता त्या कलमास पुरेसे आहे. तेव्हा पहिल्याच फिर्यादीत जात व अपंगत्व या दोन्ही गोष्टी लिहवून घ्या. दीक्षा घेतल्याने तो हक्क गेला असे कोणी सांगितल्यास ऐकू नका. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांस अनुसूचित जातींच्या सवलती व संरक्षण मिळालेले आहे.

सरकारकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बाल कल्याण समितीवर अपंगत्वाच्या जाणकारासाठी एक जागा राखून ठेवावी. १०९८ ची सेवा ज्यांना ऐकू येत नाही त्यांना लिहून व दृश्य खुणांनी वापरता यावी. प्रत्येक बालगृह चाकाच्या खुर्चीस व अंध मुलास वावरता येईल असे असावे. आणि ज्या संस्थांत अपंग मुले राहतात, त्यांची तपासणी दोन्ही खात्यांनी मिळून करावी.

पण सरकारकडे बोट दाखवून आपले कर्तव्य संपत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीस निघताना अनेक घरांतून अपंग मूल म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर मागे राहते किंवा फडावरच्या कोपीत दिवसभर एकटे पडून असते. आईबापांस दोष देऊन काय होणार? मुकादमाची उचल फेडावयाची असते. अशा वेळी शेजारच्या चार घरांनी आणि विहाराच्या समितीने त्या मुलाची जबाबदारी वाटून घ्यावी. ग्राम बाल संरक्षण समितीवर अपंग मुलाच्या आईस सदस्य म्हणून घेण्याचा आग्रह धरावा. मूल घरीच राहावे म्हणून पात्र कुटुंबास केंद्राच्या वात्सल्य योजनेतून दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्यासाठी बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करावा. अंगणवाडीत व शाळेत मुलाचे नाव घालावे, अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. विहारातील रविवारच्या संस्कारवर्गात हे मूल पहिल्या ओळीत बसावे. अत्याचाराची नुसती शंका आली तरी पोलिसांस कळवावे. माहिती असून न कळविणे हा त्या २०१२ च्या कायद्याखाली अपराध आहे आणि सद्हेतूने कळविणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. गावपंचांपुढे तडजोड मात्र कदापि करू नये.

जनगणनेचा प्रगणक दारी आला की धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असेच लिहवा, असे आम्ही आग्रहाने सांगत आलो. त्याच आग्रहाने आज सांगतो, की अपंगत्वाचा प्रश्न विचारला गेला की आतल्या खोलीतील मुलास बाहेर आणा आणि त्याची नोंद करवा. जे मूल मोजले जात नाही, त्याच्यासाठी शाळा बांधली जात नाही, दुभाषा नेमला जात नाही आणि न्यायही मागितला जात नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपण सर्व माणसे समान मानण्याची आणि प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा घेतली. तीत डोळस माणसे, चालती माणसे, बोलती माणसे असा भेद नव्हता. ती प्रतिज्ञा आपल्या घरातील सर्वांत दुबळ्या मुलापाशी पाळली जाते की नाही, यावरच आपले धर्मांतर खरे किती, हे ठरेल. जय भीम!