पेज ते शेंगोळी

दिवाळीनंतरच्या आठवड्यात बायको तापानं आडवी झाली. पाचव्या दिवशी ताप उतरला, पण तोंडाची चव गेली होती आणि एक मजला चढायला तिला दोनदा थांबावं लागत होतं. डॉक्टर म्हणाले, "आता काही दिवस हलकं, पातळ द्या." येताना मी दुकानातून सुपाची चार पाकिटं घेतली. रात्री जुन्नरकडून आईचा फोन आला. तिला पाकिटांचं सांगितलं, तर म्हणाली, "घरात तांदूळ हायेत ना? मूग हायेत? मग पेज लाव आधी."

पुढचे पंधरा दिवस रोज एक पातेलं चुलीवर चढत गेलं. ते करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती सांगावी म्हणूनच हा लेख. आपल्याकडचे पातळ पदार्थ म्हणजे जेवणाच्या कडेला ठेवलेली वाटी नव्हे. दुबळ्या माणसाला एकेक पायरी वर घेऊन, पुन्हा भाकरीपर्यंत आणण्याची ती एक वाट आहे.

पहिली पायरी पेज. बायको कुडाळकडची, त्यामुळे घरात उकडा तांदूळ कायम असतो. मूठभर तांदळाला पाच-सहा वाट्या पाणी, मंद आच आणि शेवटी मीठ, बस्स. शितं बोटांत सहज चुरडली की पेज झाली. पहिल्या दिवशी तिनं फक्त वरचं पाणी घेतलं, दुसऱ्या दिवशी शितांसकट, सोबत लोणच्याच्या खारात बुडवलेलं बोट.

मग मुगाचं कढण. अर्धी वाटी हिरवे मूग कोरडेच भाजायचे, खमंग वास सुटेपर्यंत. त्यात पाच वाट्या पाणी आणि चिमूटभर हळद घालून मूग फुटेपर्यंत शिजवायचे, घोटायचे आणि गाळायचे. आईनं बजावलं होतं, "पहिल्या दिशी नुसतं मीठ. फोडणी उद्या." दुसऱ्या दिवशी तूप-जिऱ्याची फोडणी दिली, आलं किसून घातलं. गाळणीतला मुगाचा चोथा टाकायचा नाही, तो कणकेत मळला की मऊ पोळ्या होतात.

आईच्या या 'आज मीठ, उद्या फोडणी'ला फार जुना आधार आहे. चरकसंहितेत शोधनानंतर, म्हणजे शरीरशुद्धीच्या उपचारांनंतर, आहार कसा वाढवत न्यायचा, त्याचा क्रम दिला आहे. आधी पेया, मग तिच्याहून दाट विलेपी, मग यूष म्हणजे कढण, आणि शेवटी मांसरस. यूषातही दोन पायऱ्या आहेत: तूप-मीठ-मसाल्याशिवायचं ते अकृत, संस्कार केलेलं ते कृत. याला संसर्जन क्रम म्हणतात. आईनं ग्रंथ उघडलेला नाही. तिला हे तिच्या सासूकडून मिळालं, आणि तिच्या सासूला तिच्या सासूकडून.

पोट सावरलं, तरी जीभ रुसलेलीच होती. तिच्यासाठी आमसुलाचं सार केलं. आठ-दहा आमसुलं अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून कुस्करायची, चार वाट्या पाणी, मीठ आणि बेताचा गूळ घालून उकळी आणायची. वरून तूप, जिरं, हिंग आणि एका सुक्या मिरचीची फोडणी. नारळाचं दूध घालायचं असेल तर आच बंद करून मगच घालावं, उकळलं तर फुटतं. दोन घोट घेऊन बायको म्हणाली, "आता जेवण जेवल्यासारखं वाटतंय." घरातला आठवडाभराचा आजारपणाचा वास त्या फोडणीनं घालवला.

आणि मग आली हुलग्याची पाळी. माझ्या गावी हुलगा, तिच्या माहेरी कुळीथ, धान्य एकच. हलक्या, मुरमाड जमिनीत, जिथं दुसरं पीक धीर सोडतं तिथं थोडक्या पाण्यावर येणारं. शंभर ग्रॅममध्ये साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. तिच्याकडे कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून दळतात आणि त्याची पिठी करतात. तेलात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची लाल करायची, तीन वाट्या पाणी आणि दोन आमसुलं घालायची. तीन-चार चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि उकळत्या पाण्यात ओतून दाट होईस्तोवर ढवळायचं. सोबत गरम भात. आमच्याकडे याच पिठात गूळ घालून माडगं करतात. थंडीत सकाळी न्याहारीला ते प्यायलं की उन्हं अंगावर येईपर्यंत आधार पुरतो.

शेवटची पायरी शेंगोळी. हुलग्याचं पीठ दोन वाट्या, चिकटपणासाठी मूठभर गव्हाचं, त्यात लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, मीठ. पीठ घट्ट मळायचं. तेलाच्या हातानं लांब वळी करायची आणि टोकं जुळवून कडी करायची. पातेल्यात लसणाची फोडणी, भरपूर पाणी, दाण्याचं कूट. पाणी खळखळ उकळत असतानाच एकेक शेंगोळं सोडायचं, नाहीतर ते विरघळतं. मग वीस-पंचवीस मिनिटं शिजू द्यायचं. रस्सा दाट करायला वेगळं काही लागत नाही, शेंगोळ्यांचंच पीठ पाण्यात उतरतं आणि त्याला अंग येतं.

त्या संध्याकाळी मी वळ्या करायला बसलो. पीठ इतकं घट्ट की तळव्यात जोर लावावा लागत होता. बायको उठून ओट्याशी आली, हात धुतले आणि परात आपल्याकडे ओढली. "जाड होतायत, मधे कच्ची राहतील," म्हणाली आणि भराभर वळू लागली. ज्या हाताला दोन आठवड्यांपूर्वी पेजेची वाटी धरवत नव्हती, त्या हाताखाली हुलग्याचं पीठ सरळ, बारीक वळत होतं.

आईला फोन लावला. "शेंगोळी कोण वळतंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. क्षणभर थांबून म्हणाली, "मग आता भाकरी दे तिला."