कपाटातल्या सीड्या आणि घरचा सर्व्हर

होस्टेलवर 'मीडिया सर्व्हर' असा शब्द नुसता उच्चारून बघा. समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "किती टीबी?" दुसरा प्रश्न, "कुठले कुठले पिक्चर आहेत?" तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, तो म्हणजे "हे सगळं आलं कुठून?" माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिनिअरिंगच्या पोरांनी सर्व्हर जरूर बांधावा, पण तो होस्टेलच्या रूममध्ये नाही तर आपल्या घरी. आणि त्यात डाऊनलोडचा ढिगारा न भरता घरच्या कपाटात धूळ खात पडलेल्या सीड्या भराव्यात.

कपाटात काय आहे ते आठवा. एकेका पिक्चरच्या दोन-दोन व्हीसीडी, कारण एका चकतीवर जेमतेम ७४ मिनिटं मावायची. नाटकांच्या व्हीसीडी, ज्या बाबांनी प्रदर्शनात घासाघीस करून घेतल्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली, तेव्हा किराणा आणायला गेलेला माणूससुद्धा एखादा पिक्चर घेऊन घरी यायचा. ती कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. चकत्या घरात राहिल्या. आणि त्या वाजवायचं यंत्र घरातून गेलं! प्लेअर भंगारात, नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेली वस्तू घरात आहे आणि ती बघता मात्र येत नाही. ही अडचण सोडवायची कोणी? आपणच की!

कल्पना अगदी साधी आहे. एक जुना पीसी, त्याला डीव्हीडी ड्राइव्ह आणि त्यावर लिनक्स. (यूएसबीवरचा ड्राइव्ह घेतला तरी तो महिन्याच्या मेस बिलापेक्षा स्वस्त पडतो.) चकती आत सरकली की लिनक्समधल्या 'युडेव्ह'ला वर्दी लागते. तो आपण लिहून ठेवलेलं काम सुरू करतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. युडेव्ह फार वेळ चालणारं काम मध्येच मारून टाकतो, म्हणून त्याच्याकडून फक्त सिस्टिमडीची एक सर्व्हिस चालू करून घ्यायची आणि खरं काम तिच्याकडे सोपवायचं. ती सर्व्हिस चकतीचा प्रकार ओळखते, प्रत हार्डडिस्कवर उतरवते आणि शेवटी ट्रे बाहेर ढकलते. 'जेलीफिन'सारखा फुकटचा, ओपन सोर्स सर्व्हर त्या फोल्डरवर नजर ठेवून बसलेला असतोच. टीव्हीवर नवं नाव दिसायला लागतं. आईला कीबोर्डला हात लावायची गरज नाही. तिला एवढंच सांगायचं, "ट्रे बाहेर आला की पुढची सीडी टाक."

वेगाची काळजी नको. डीव्हीडीचा डेटा सेकंदाला जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट, व्हीसीडीचा दीडच्याही आत. साधं घरचं वायफाय हे हसत हसत पेलतं. जागेचा हिशेब करा: १०० पिक्चरच्या व्हीसीडी प्रत्येकी दीड जीबी धरल्या तर १५० जीबी, ६० डीव्हीडी प्रत्येकी ७ जीबी धरल्या तर ४२० जीबी. सगळं कपाट एका टीबीत बसून वर जागा उरते!

पण इथेच खरी गोम आहे. हे ऑटोमॅटिक काम करणारी तयार सॉफ्टवेअर परदेशात घडली, आणि ती डीव्हीडी आणि ब्लू-रे डोळ्यांसमोर ठेवून घडली. अमेरिकेत व्हीसीडी कधी रुजलीच नाही. ती रुजली आपल्याकडे आणि पूर्व आशियात. म्हणून 'मेकएमकेव्ही'सारखं गाजलेलं साधन व्हीसीडीला हात लावत नाही. लिनक्समध्ये व्हीसीडी माउंट करून नुसती कॉपी-पेस्ट केली तर एरर येते, कारण व्हिडिओचे सेक्टर नेहमीच्या डेटा सेक्टरपेक्षा वेगळ्या आकाराचे असतात. त्यासाठी 'व्हीसीडीइमेजर'मधलं 'व्हीसीडीएक्सरिप' वापरावं लागतं. नावांचीही तीच रड. चकतीच्या लेबलवरून पिक्चर ओळखायची पद्धत आपल्या डिस्कवर बऱ्याचदा आपटते, कारण लेबल काय, तर नुसतं 'डीव्हीडी व्हिडिओ'! म्हणजे ऑटोमॅटिकची हद्द इथे संपते. मशीनने प्रत काढावी, नाव मात्र घरातल्या माणसाने द्यावं. त्यानिमित्ताने आजोबा बाजूला बसून "अरे, हे त्या नाटकाचं दुसऱ्या संचातलं रेकॉर्डिंग" असं काही सांगतील तर तेही लिहून ठेवा. असा मेटाडेटा कुठल्याच डेटाबेसमध्ये मिळायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवात कुठून करायची? शंभरातले नव्वद जण आवडत्या पिक्चरपासून करतील. माझा याला सक्त विरोध आहे. सुरुवात करायची ती लग्नाच्या सीडीपासून. ताईचं लग्न, दादाची मुंज, आजीची पंचाहत्तरी. दुकानातली चकती कारखान्यात छापलेली असते. फोटोग्राफरने दिलेली मात्र कोऱ्या सीडीवर 'राइट' केलेली असते, आणि तिच्यातला रंगाचा थर उन्हाने, उष्णतेने हळूहळू उतरत जातो. शिवाय पिक्चरच्या हजारो प्रती निघाल्या, लग्नाची कदाचित ही एकच. तेव्हा आधी घरगुती, मग नाटकं, मग पिक्चर. हा क्रम चुकवू नका.

"पण हे सगळं यूट्यूबवर असतं की!" असं म्हणणारे आहेत. पुष्कळ काही असतं, कबूल. पण कोणीतरी चढवलेलं कोणीतरी उतरवतं, आणि ओटीटीवरचे हक्क संपले की काल दिसणारा पिक्चर आज दिसत नाही. ज्या नेटफ्लिक्सने १९९८ मध्ये पोस्टाने डीव्हीडी पाठवून धंदा सुरू केला, त्याने ती सेवा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बंद केली. भाड्याचं घर वाईट नसतं, पण म्हणून कोणी स्वतःचं घर पडू देत नाही. आणि तुमच्या ताईचं लग्न कुठल्या ओटीटीवर आहे, सांगा बरं?

आता कायदा. व्हीसीडीला कुलूपच नसतं. बहुतेक विकतच्या डीव्हीडींना 'सीएसएस' नावाचं कुलूप असतं. अमेरिकेतल्या कॅलिडेस्केप कंपनीने डीव्हीडी कुलपासकट जशीच्या तशी सर्व्हरवर उतरवून घरभर दाखवणारी महागडी यंत्रणा विकली, तर २००४ मध्ये कुलपाचा परवाना देणाऱ्या संस्थेने तिच्यावर खटला भरला. २००७ मध्ये कंपनी जिंकली, २००९ मध्ये अपिलात तो निकाल फिरला आणि प्रकरण मिटलं ते २०१४ मध्ये. दहा वर्षं! पुढे तिच्या ब्लू-रेच्या यंत्रणेत तर मूळ चकती यंत्राच्या पेटीत हजर असेल तरच पिक्चर दिसायचा. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला आलेलं कलम ६५-अ म्हणतं, की हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हक्कभंगाच्या हेतूने' हे शब्द नीट वाचा. कलम ५२ खाजगी वापरासाठी योग्य त्या मर्यादेत मोकळीकही देतं. पण स्वतःची चकती स्वतःच्या घरी बघणं वेगळं आणि तीच फाईल होस्टेलच्या लॅनवर दोनशे जणांना वाटणं वेगळं. दुसऱ्याला 'शेअरिंग' म्हटलं म्हणून ते दान होत नाही. म्हणूनच मी म्हणतो, सर्व्हर घरी. आणि प्रत काढली म्हणून मूळ चकती विकू नका, देऊनही टाकू नका.

शेवटी दोन गोष्टी. एक, व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेलचं. ते 'एचडी करतो' म्हणून कन्व्हर्ट करत बसू नका, नसलेले पिक्सेल कुठून आणणार? मूळ फाईल आहे तशी ठेवा, दाखवताना काय करायचं ते सर्व्हर बघून घेईल. दोन, एक हार्डडिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. दुसरी प्रत मामाकडे किंवा काकांकडे ठेवा.

सबमिशन, व्हायवा, प्लेसमेंट चालूच राहणार. पण दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा एक दिवस या कामाला द्या. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय मिळत नाही म्हणून ओरडणाऱ्यांनी तर व्हीसीडी ओळखणारी एक चांगली स्क्रिप्ट लिहून सगळ्यांसाठी खुली करावी, सरांनीही असा विषय हलका समजू नये. सीडी काही कोणाच्या सेमिस्टरसाठी थांबत नाही, तिचा थर उतरतोच आहे. बघा, पटतंय का!