टाचेचा गिअर काढताय? आधी घरात सांगा!

मैत्रिणींनो, कुकरची शिट्टी आणि मिक्सरची पाती यांवर आपण या पानावर पुष्कळ बोललो. आजचा विषय दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलचा आहे. पण आहे घरातलाच.

झालं असं, की आमचे भावजी मित्रांबरोबर गाडीवरून कोकणात जायचे होते. गाडी साडेतीनशे सीसीची. लांबच्या प्रवासात पाय आखडतो, म्हणून तो जरा मागे घ्यावा, तर बुटाची टाच गिअरच्या मागच्या दांडीवर पडते आणि नको तेव्हा गिअर बदलतो. म्हणून त्यांनी टाचेची दांडी असलेला लिव्हर काढून नुसता चवड्याचा बसवला. सहल छान झाली. घरात मात्र कुणाला काही सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी तीच गाडी घेऊन सोनईहून घोडेगावला निघाले. पायात रोजची चप्पल. घोडेगावला महामार्ग ओलांडताना पहिल्या गिअरवरून दुसरा टाकायला सवयीने टाच दाबली, तर खाली काहीच नाही! घाईने अंगठा लिव्हरखाली घालून उचलला, तो अर्धाच उचलला गेला आणि गाडी न्यूट्रलला आली. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही आणि समोरून ट्रक! पायाने रेटत कशीबशी कडेला आले. अंगठ्याचं नख दुखावलं ते वेगळंच.

घरी आल्यावर रागावले खरी, पण मग नीट समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगते.

अशा मोठ्या गाड्यांत पहिला गिअर चवड्याने खाली दाबून पडतो आणि पुढचे टाचेने. टाचेची दांडी नसेल, तर पुढचा प्रत्येक गिअर पायाच्या बोटांनी वर उचलावा लागतो. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधेच न्यूट्रल असतो, म्हणून अर्धवट उचललं की फसगत. शंभर सीसीच्या पुष्कळ गाड्यांत हे उलटं असतं. चवड्याने गिअर चढतात आणि टाचेने उतरतात. तिथे दांडी नसेल, तर गतिरोधक आला की पंचाईत. म्हणजे टाचेची दांडी ही चपलेवाल्यांची सोय आहे. बूट घालणाऱ्याला तिच्यावाचून चालतं.

काढायचीच असेल, तर एवढं पाहा:

१. आधी कोन बदलून पाहा. पुष्कळ गाड्यांत लिव्हर दातेरी शाफ्टवर बसतो. त्याचा बोल्ट (बहुधा दहा नंबरचा पाना लागतो) नुसता सैल करू नका, पूर्ण बाहेर काढा. मग लिव्हर एक दात सरकवून बसवा. तेवढ्यानेही टाचेला जागा होते. मात्र टाचेची बाजू खाली गेली की चवड्याची वर येते, हे ध्यानात ठेवा.

२. लिव्हर अखंड असेल तर करवतीने कापू नका. कापलेली कड पायाला लागते आणि पुन्हा जोडता येत नाही. त्याच मॉडेलचा नुसता चवड्याचा लिव्हर मिळत असेल तर तो घ्या.

३. काही मोठ्या प्रवासी गाड्यांत टाचेचा आणि चवड्याचा लिव्हर वेगळे असतात. तिथे टाचेचा काढल्यावर रिकाम्या जागी योग्य मापाची बुश घालावी, नाहीतर उरलेला लिव्हर शाफ्टवर सरकतो.

४. काढलेला भाग तेलाचं फडकं गुंडाळून, बोल्टासकट डब्यात ठेवा. वर गाडीचं नाव लिहा.

५. नंतर मोकळ्या मैदानात अर्धा तास सराव करा. पायात बूट हवेतच.

माझ्या वयाच्या कितीजणी लुनावर शिकल्या! १९७२ साली आलेली आपल्या नगरच्या कायनेटिकची ती लुना, तिला ना क्लच ना गिअर. त्यामुळे गिअरची सवय आपल्या पायाला उशिरा लागते, आणि लागली की ती चटकन सुटत नाही. मागे बसणारीची साडी चाकात जाऊ नये म्हणून १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मागच्या चाकाला निम्मं तरी आच्छादन हवं असं सांगितलं आहे. गाडी चालवणारीच्या पायाची काळजी मात्र आपणच घ्यायची.

आमच्याकडे आता तडजोड झाली आहे. एरवी जुना लिव्हर, सहलीपुरता नवा. तो बसवला की भावजींनी किल्लीला लाल दोरा बांधायचा. परवा मामंजी चप्पल घालून डेअरीत निघाले होते. दोरा पाहिला, काही न बोलता आत आले आणि बूट चढवून गेले.

तुमच्या दारातली गाडी किती पाय चालवतात, ते एकदा मोजा. मगच पान्याला हात घाला.