आधी कळस, मग पाया?

राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० मध्ये जाहीर केले की, २०२५ पर्यंत देशातील प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलाला वाचन, लेखन आणि पायाभूत गणित येईल. वर्ष उलटते न उलटते तोच, जुलै २०२१ मध्ये, ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले आणि हीच मुदत २०२६-२७ वर गेली. महामारीने शाळांना कुलपे लागली होती, तेव्हा मुदत वाढविण्यात पाप नव्हते. प्रश्न निराळाच आहे. उद्दिष्ट वरून आले, मुदत वरून आली आणि मुदतवाढही वरूनच आली. ज्या शाळेत ते उद्दिष्ट साध्य व्हायचे, तिच्या वाट्याला आले ते परिपत्रक! आपल्या शिक्षणव्यवस्थेचे दुखणे या एका गोष्टीत सामावले आहे.

तसे पाहिले तर नियोजनाची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. २००१ पासून सर्व शिक्षा अभियान राबविले गेले, २०१८ मध्ये समग्र शिक्षा आली. या सर्वांनी जिल्हा हेच नियोजनाचे एकक मानले. वस्तीवस्तीतून गरजा समजून घ्याव्यात, शाळेचा आराखडा गटात यावा, गटाचा जिल्ह्यात यावा, अशी ती रचना. कागदावर तिला नाव ठेवायला जागा नाही. पण हे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना वास्तव ठाऊक आहे. प्रपत्र उशिरा येते आणि ‘आजच भरून पाठवा’ असा निरोप त्याच्यासोबत येतो. मुख्याध्यापक गतवर्षीचे आकडे काढतात, त्यांत थोडी भर घालतात आणि आराखडा ‘तयार’ होतो. त्या आराखड्यात खोल्या असतात, कुंपण असते, संगणक असतात. तिसरीतले कोणते मूल कोठे अडले आहे, ते मात्र नसते.

त्यात लोकप्रतिनिधींचा अंकुशही सैल झाला. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे तेथे प्रशासकच कारभार पाहत होते. ज्या शिक्षण समितीने जिल्ह्याच्या आराखड्यावर दहा प्रश्न विचारायचे, तीच अस्तित्वात नव्हती. मग आराखडा करणारेही अधिकारी आणि त्याला मान्यता देणारेही अधिकारीच!

आकड्यांचा मोह

२०२२ मध्ये केंद्र सरकारने जिल्ह्यांच्या शैक्षणिक कामगिरीचा श्रेणी निर्देशांक प्रथम प्रसिद्ध केला. ८३ निकष, ६०० गुण आणि त्यानुसार जिल्ह्याची श्रेणी. त्यातील २९० गुण अध्ययन निष्पत्ती आणि तत्सम फलितांसाठी राखले आहेत, हे योग्यच आहे. परंतु उरलेल्या निकषांतील बरीचशी माहिती शाळांनी स्वतःच भरून दिलेली असते. माहिती भरणारा तोच आणि त्या माहितीवर ज्याची इभ्रत ठरणार तोही तोच. अशा वेळी खरे बोलण्यासाठी फार मोठे मनोबल लागते. व्यवस्थेने माणसाच्या मनोबलाची अशी रोज परीक्षा पाहू नये.

असा मोह कोठवर नेऊ शकतो, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. कारण उद्दिष्टांच्या बळावर शाळा सुधारण्याचा सर्वांत मोठा प्रयोग तेथेच झाला. जानेवारी २००२ मध्ये तेथे ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा कायदा झाला. २०१३-१४ पर्यंत शंभर टक्के विद्यार्थी वाचन आणि गणितात प्रवीण झालेच पाहिजेत. दरवर्षी ठरलेली प्रगती दाखवा, नाहीतर कारवाईला सामोरे जा, असा तो दंडक. अटलांटा शहराच्या शाळांचे निकाल या काळात विलक्षण उंचावले. तेथील शिक्षणप्रमुखांचा २००९ मध्ये देशातील सर्वोत्तम म्हणून गौरव झाला. २०११ मध्ये जॉर्जिया राज्याच्या चौकशी अहवालाने पडदा उघडला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार झाले होते आणि त्यात १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे होती. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरली गेली होती! २०१५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो कायदाही गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. शंभर टक्क्यांचे ते उद्दिष्ट कोणत्याच राज्याने गाठले नाही.

अटलांटातील खरे बळी कोण? ज्या मुलांची उत्तरपत्रिका ‘सुधारली’ गेली, ती मुले. कागदावर ती उत्तीर्ण होती, म्हणून त्यांना मदतीची गरज उरली नव्हती. खोटा आकडा केवळ सरकारला फसवीत नाही. तो दुबळ्या मुलाच्या हातातील शेवटचा आधार काढून घेतो.

नक्कल आणि अस्सल

मग उद्दिष्टे नकोतच काय? असे म्हणणे आत्मघातकी ठरेल. २०२४ च्या ‘असर’ सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीच्या अवघ्या २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हेच प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा आहे, पण चारपैकी तीन मुले अजून मागेच आहेत. हे ठाऊक असताना उद्दिष्टाविना चालणे म्हणजे नावाड्याविना नाव सोडणे होय.

फरक आहे तो उद्दिष्ट कोठे जन्माला येते याचा. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले. मुले जमिनीवर बसून, वस्तू हाताळत, परस्परांशी बोलत शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले आणि जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमही आला. पण पुष्कळ ठिकाणी काय पोहोचले? रंगविलेल्या फरश्या! कुमठ्याच्या शिक्षकांनी आपल्याच मुलांकडे पाहून, चुकत-शिकत जे उभे केले, त्याचा रंग तेवढा इतरांनी उचलला. प्रक्रिया उचलायची राहून गेली.

ती प्रक्रिया साधी आहे. समजा, तिसरीत २४ मुले आहेत आणि त्यांतील ९ जोडाक्षरांवर अडतात. दिवाळीपर्यंत ही नऊ मुले सलग परिच्छेद वाचतील, हे उद्दिष्ट. त्यासाठी रोज अर्धा तास त्यांचा निराळा गट. सहा आठवड्यांनी पुन्हा वाचून घ्यायचे. सात जमले, दोन राहिले, तर त्या दोघांसाठी उपाय बदलायचा. ‘सातत्यपूर्ण सुधारणा’ या भारदस्त शब्दांचा अर्थ एवढाच आहे. अशा शेकडो शाळांच्या प्रामाणिक बेरजेतून जिल्ह्याचे उद्दिष्ट तयार व्हावे. जिल्ह्याचे काम त्या शाळांना माणसे, वेळ आणि मार्गदर्शन पुरविण्याचे. टक्केवारी वाटण्याचे नव्हे.

लेखणी आपल्याच हाती

यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. कलम २२ नुसार शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते आणि शासनाचे अनुदान त्यावर आधारलेले असते. शिक्षकांच्या रिक्त जागा दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात, असे कलम २६ सांगते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे कलम २७ बजावते. ज्या जिल्ह्याला स्वतःचे हे कर्तव्य पाळता येत नाही, त्याने शिक्षकाकडे शंभर टक्क्यांचा आग्रह कोणत्या तोंडाने धरावा?

आणि आपण? सुशिक्षित घरांनी आपली मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढली आणि त्यांच्याबरोबर आपले लक्षही काढून घेतले. समितीच्या सभेत मग रोजगार बुडवून आलेली माउली कोऱ्या कागदावर अंगठा उमटविते आणि आराखडा ‘लोकसहभागातून’ मंजूर होतो. स्थानिक शिक्षणतज्ज्ञ म्हणून गावातील जाणत्या व्यक्तीला त्या समितीत स्थान आहे. ते रिकामे किंवा नामधारी राहते, हा दोष सरकारचा खचितच नाही.

आपल्या गावातील, आपल्या पेठेतील शाळेच्या पुढील सभेला कार्यकर्त्यांनी आणि जाणत्या गृहिणींनी जावे. मोठे भाषण करू नये, शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. तीनच प्रश्न विचारावेत: किती मुलांना अजून वाचता येत नाही? त्यांच्यासाठी या महिन्यात काय वेगळे होणार आहे? त्यासाठी शिक्षकाला आमच्याकडून काय हवे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर लाज वाटावी इतके मोठे आले, तरी ते खरे असल्याबद्दल शिक्षकाचे आभार मानावेत. खऱ्या आकड्याला शिक्षा आणि खोट्याला शाबासकी, ही रीत मोडण्याची सुरुवात तेथूनच होईल.