गोदीकाठची आगगाडी

एखाद्या शहराच्या महापालिकेने वाफेची इंजिने पोसावीत काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी कोणालाही हास्यास्पद वाटेल. रस्ते, पाणी, शाळा आणि निवारा यांची मागणी ज्या तिजोरीवर बारमाही चालू असते, तिच्यातून दोन जराजर्जर इंजिनांच्या कोळशापाण्याची सोय व्हावी असे म्हणणाऱ्याला व्यवहार कळत नाही, असेच चारचौघे म्हणतील. परंतु इंग्लंडच्या पश्चिमेकडील ब्रिस्टल शहरात हा प्रश्न कल्पनेतला नाही. तेथील जुन्या गोदीच्या काठाने वाफेच्या इंजिनाची जी छोटी आगगाडी नगरसंग्रहालयाच्या आश्रयाने चालत आली, तिचे पुढे काय होणार हे आज कोणालाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. या गाडीतून प्रवास करण्याचा योग आम्हांला काही वर्षांपूर्वी आला होता. त्या प्रवासानंतर आमचे जे मत बनले ते मुंबईकर वाचकांपुढे ठेवण्यास कारण आहे. गोदी आणि गोदीतली रेल्वे या दोन्ही गोष्टी या शहरालाही होत्या.

ब्रिस्टल हे नाव भारतीयांना परके नाही. राजा राममोहन राय यांनी २७ सप्टेंबर १८३३ रोजी या शहरालगतच्या स्टेपल्टन येथे देह ठेवला आणि द्वारकानाथ टागोरांनी उभारलेली त्यांची समाधी तेथील आर्नोस व्हेल स्मशानभूमीत आजही आहे. हे शहर समुद्रापासून काही मैल आत, एव्हन नदीच्या काठी वसले आहे. या नदीची भरतीओहोटी जगातील अत्यंत मोठ्या भरतीओहोटींपैकी एक गणली जाते. ओहोटी लागली की धक्क्याला लागलेली जहाजे चिखलात बसत आणि कलंडत. तेव्हा विल्यम जेसप या अभियंत्याने नदीचा प्रवाह नव्या पाटातून वळविला, जुन्या पात्राला दरवाजे घातले आणि १८०९ साली पाणी सदैव एका पातळीवर राहील अशी गोदी शहराच्या ऐन मध्यावर निर्माण केली. याच गोदीकाठी ब्रुनेलने बांधलेली ‘ग्रेट ब्रिटन’ ही प्रचंड लोखंडी आगबोट १८४३ साली पाण्यात उतरली.

रेल्वे या धक्क्यावर आली ती १८७२ साली. गोदी आणि टेंपल मीड्स हे मुख्य स्थानक यांच्यामध्ये सेंट मेरी रेडक्लिफ या प्राचीन चर्चचे आवार पडत होते. रेल्वेने त्याच्या पोटातून बोगदा काढला आणि तेथे चिरविश्रांती घेत असलेल्या काही मृतांना आपला मुक्काम आर्नोस व्हेलला हलवावा लागला. व्यापाराची निकड मेलेल्यांनाही स्वस्थ पडू देत नाही, हे ब्रिटिश व्यापारीवर्गाच्या स्वभावाला धरूनच झाले! पुढे १९०६ साली पश्चिमेकडून दुसरा फाटा आला. धान्य, लाकूड, तंबाखू, कोळसा यांच्या वाघिणी या रुळांवरून पाऊणशे वर्षे अखंड वाहिल्या. जहाजे मोठी झाली, तसा व्यापार नदीच्या मुखाशी एव्हनमाउथला सरकला. १९६४ साली स्थानकाकडचा फाटा बंद झाला, १९७५ साली शहरातील गोदीतून व्यापारी वाहतूक उठली आणि उरलेल्या रुळांवरून कोळशाची वाहतूक तेवढी १९८७ पर्यंत कशीबशी चालली.

येथपर्यंतची कथा जगातील कोणत्याही जुन्या बंदराची आहे. ब्रिस्टलचे वेगळेपण यानंतर सुरू होते. गोदीचा बराच भाग बुजवून तेथे रस्ते आणि इमारती उठविण्याचा घाट तेथील कारभाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास घातला होता, आणि तो नागरिकांनी हाणून पाडला. धक्क्यावरच्या १९५१ सालच्या चार विजेच्या याऱ्या भंगारात निघण्याची वेळ आली, तेव्हाही लोकच पुढे सरसावले आणि त्यांतील दोन याऱ्या त्यांनी पदरच्या पैशाने विकत घेतल्या. मालाच्या ज्या वखारीत १९७८ साली औद्योगिक संग्रहालय उघडले, तिच्या दारातूनच ही वाफेची गाडी सुरू झाली. तेच संग्रहालय २०११ पासून ‘एम शेड’ या नावाने नव्या रूपात नांदत आहे. ‘एम’ हे त्या वखारीचे जुने अक्षर. नाव बदलून वखारीला प्रतिष्ठा देण्याचा मोह तेथील लोकांना झाला नाही, हे आम्हांला विशेष वाटले.

गाडीची इंजिने दोन. ‘पोर्टबरी’ १९१७ सालचे आणि ‘हेन्बरी’ १९३७ सालचे. पहिले एव्हनसाइड कंपनीचे, दुसरे पेकेट कंपनीचे. हे दोन्ही कारखाने ब्रिस्टलचेच होते आणि दोन्ही केव्हाच कालवश झाले आहेत. म्हणजे ज्या गावात इंजिने घडली, त्याच गावच्या गोद्यांत त्यांनी उभा जन्म कष्ट काढले आणि म्हातारपणीही ती तेथेच राहिली. मेल गाड्यांच्या उंच, तकतकीत इंजिनांचा डौल यांच्यात नाही. चाके सहा, बांधा आखूड आणि पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी घातलेली. गोदीतल्या आवळ वळणांवर वाघिणी ढकलण्यासाठीच ती जन्मास आली. इतिहासात राजांची नावे राहतात आणि हमालांची राहत नाहीत. येथे दोन हमालांची नावे पितळी पाट्यांवर कोरलेली पाहून आम्हांला समाधान वाटले.

आम्ही गेलो त्या दिवशी हेन्बरीची पाळी होती. रूळ धक्क्याच्या फरसबंदीत बसविलेले, त्यामुळे गाडीची वाट आणि माणसांची वाट एकच. हातात निशाण घेतलेला एक मनुष्य पुढे चालत होता. बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, सायकलस्वार आणि आइसक्रीम खात रेंगाळणारी पोरे यांना बाजूला सारीत गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने ‘ग्रेट ब्रिटन’च्या दिशेने निघाली. अंतर इतके थोडे की चालत गेलो असतो तर आधी पोहोचलो असतो. तरीही डब्यात जागा नव्हती. आमचे लक्ष मात्र प्रवाशांपेक्षा इंजिनातल्या दोघांकडे अधिक होते. ड्रायव्हर वयोवृद्ध होता आणि कोळसा टाकणारा तरुण त्याच्या नातवाच्या वयाचा असावा. वृद्धाची नजर दाबाच्या काट्याकडे क्वचितच जाई, त्याचा कान मात्र सतत इंजिनाकडे होता. तरुणाने फावडे उचलले की तो केवळ बोट हलवून कोळसा भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यात पडावा हे दाखवी. असे आठ-दहा वेळा झाले. एकदा त्याने काहीच खूण केली नाही. तरुणाने मागे वळून पाहिले, आणि कोळसा योग्य जागी पडल्याचे त्याला समजले.

आमच्या मते या गाडीचे सारे मोल त्या बोटाच्या खुणेत आहे. इंजिनाचे लोखंड जपणे कठीण नाही. त्याला रंग द्यावा, काचेआड ठेवावे आणि पुढे माहितीची पाटी लावावी, की काम झाले. परंतु थंड बॉयलर पहाटे पेटवून काही तासांनी त्याला सावकाश कसा जागा करावा, पाणी केव्हा घ्यावे, नळ्या कशा साफ कराव्यात, कोणता आवाज रोजचा आणि कोणता धोक्याचा, ही विद्या पाटीवर लिहिता येत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि हात रिकामे राहिले तर एका पिढीत संपते. ज्यांनी वाफेची इंजिने पोटासाठी चालविली अशी माणसे ब्रिटनमध्ये आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, कारण तेथील मुख्य रेल्वेवरून वाफ १९६८ सालीच हद्दपार झाली. आज जे शिकवितात ते बहुधा निवृत्तीच्या वयात आलेले हौशी स्वयंसेवक आहेत.

संकटे चहूंकडून आहेत. पहिले कोळशाचे. ज्या देशाने कोळशाच्या बळावर साम्राज्य उभारले, त्या देशातील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. वेल्समधील ज्या फॉस-इ-फ्रान खाणीतून हौशी रेल्वेगाड्यांना चांगला कोळसा मिळे, तीही २०२३ च्या अखेरीस थांबली. रशियन कोळशाची आयात २०२२ च्या युद्धानंतर बंद झालेलीच होती. आता दूरदेशीचा कोळसा जहाजातून आणायचा, तो महागही पडतो आणि त्याची जात भट्टीला मानवेल याचा नेम नाही. दुसरे संकट बॉयलरचे. सुमारे दहा वर्षांनी तो उतरवून अंतर्बाह्य तपासावा लागतो, आणि हा खर्च प्रवाशांच्या तिकिटांतून निघण्यासारखा नसतो. तिसरे संकट प्रत्यक्ष भूमीचे. जानेवारी २०२० मध्ये कंबरलंड रोडलगतची नदीकाठची जुनी भिंत ढासळली आणि रस्त्याबरोबर रुळांचाही आधार गेला. भिंतीच्या दुरुस्तीला वर्षे लागली. जो मार्ग एकदा तुटतो, तो जोडण्यापूर्वी तेथे दुसरे काही करता येईल काय, हा विचार कोणाच्या तरी डोक्यात हटकून येतो. आणि या सर्वांच्या वर महापालिकेच्या तिजोरीचा खडखडाट आहेच.

आक्षेपही पोकळ नाहीत. हवा शुद्ध करण्याच्या काळात मुलांच्या करमणुकीसाठी धूर सोडावा काय, असे विचारणाऱ्याला वेड्यात काढता येणार नाही. आमचे उत्तर एवढेच की, काही सुटीच्या दिवशी चालणाऱ्या एका छोट्या इंजिनाचा धूर शहरातील मोटारींच्या एका सकाळच्या हिशेबातही दिसणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या बंदराची भरभराट गुलामांच्या व्यापारावर झाली, मग त्याचे गोडवे का गावेत? ७ जून २०२० रोजी ब्रिस्टलच्या जनतेने एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा ओढून याच गोदीच्या पाण्यात ढकलला होता. परंतु पुढे तो पुतळा बाहेर काढून, अंगावरच्या रंगाच्या डागांसह, याच एम शेडमध्ये मांडण्यात आला. आमच्या मते हीच दृष्टी योग्य आहे. आठवण जपणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे, आणि जो इतिहास आपल्याला लाजवितो तोही डोळ्यांपुढे असावा लागतो.

आता मुंबईकडे वळू. प्रिन्सेस डॉक १८८० सालची, व्हिक्टोरिया डॉक १८८८ सालची. याच व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट होऊन मुंबई हादरली होती. पोर्ट ट्रस्टची स्वतंत्र रेल्वे १९१५ साली सुरू झाली आणि बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर विलायतेची बोट लागली की तेथूनच उत्तरेकडची गाडी सुटे. कापूस, धान्य आणि कोळसा या रुळांवरून गेला, आणि त्याच्याबरोबर घाटावरून व कोकणातून आलेल्या हजारो माणसांचे आयुष्य गेले. ब्रिस्टलने बुजवू दिली नाही ती गोदी आम्ही बुजविली. या दोन्ही गोद्यांत चालू शतकात कंटेनरच्या सोयीसाठी भराव पडला. त्यावर मुंबईकरांनी हूं की चूं केले नाही. बंदराला जागा हवी होती हे मान्य, पण मुंबईच्या कामगारवस्तीची अर्धी कथा ज्या पाण्याकाठी घडली त्याची साधी खूण तरी ठेवावी, असे म्हणणारे एक शिष्टमंडळही निघू नये? दिवाणखान्यात आगगाडीची जुनी चित्रे टांगणाऱ्या आमच्या सुशिक्षित वर्गाने याचे उत्तर स्वतःशीच द्यावे.

पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींचे काय करावे याच्या योजना २०१४ पासून निघत आल्या आहेत. त्यांत बागा येतात, विहारनौका येतात, उंच मनोरेही येतात. या नकाशांत एखादा मैलभर रूळ, एखादी वखार, चार वाघिणी आणि एक यारी यांना जागा राखून ठेवण्यास मोठासा खर्च नाही. गोदीत आयुष्य वेचलेली माणसे आज शिवडी, वडाळा आणि माझगाव येथे हयात आहेत. त्यांच्या आठवणी आणि कसब नोंदवून ठेवण्यासाठी तर रूळ लागत नाहीत, एखाद्या विद्यापीठाची इच्छा पुरेशी आहे. हे काम पुढील पाच वर्षांत झाले पाहिजे, कारण ती माणसे पंचवीस वर्षे थांबणार नाहीत.

ब्रिस्टलच्या कारभाऱ्यांना सल्ला देण्याचा अधिकार आम्हांला नाही. तथापि इंजिनांचा प्रश्न अंदाजपत्रकात करमणुकीच्या सदरात मांडला जाईल तोवर तो हरणारच, हे उघड आहे. त्याच शहरात विमानांची इंजिने बनतात, तांत्रिक शिक्षणाची विद्यालये आहेत, धातूचे काम शिकू इच्छिणारी मुले आहेत. दर वर्षी दोन-चार उमेदवार या इंजिनांवर वेतन देऊन घेतले आणि तो खर्च शिक्षणाच्या खात्यावर टाकला, तर हेन्बरीजवळ त्या वृद्धाच्या जागी उभे राहण्यास माणूस मिळेल. गाडी वर्षातून किती दिवस धावेल, तिचा मार्ग किती लांब राहील, भट्टीत दगडी कोळसा पडेल की एखादे नवे जळण, हे मग त्या माणसांनी ठरवावे.