आजी, जेवलात का?

"डॉक्टर, तुम्ही आजींना नेमकं काय विचारलंत?"

पुण्याचं शिवाजीनगर कोर्ट, दुपारचे सव्वातीन. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी, माझा टाय आणि कोरडा पडलेला घसा. मुख्य जबाब शपथपत्रावर आधीच दिला होता. म्हटलं, अर्ध्या तासात सुटू. उलटतपासणी ही काय चीज असते, ते तेव्हा कुठे ठाऊक होतं!

आठवायला लागलो. 'आजी, नाव काय तुमचं? हा कोण? जेवलात का?' आजी गोड हसल्या होत्या. 'जेवले ना, वरणभात.' झालं! लेटरहेडवर 'मानसिकदृष्ट्या सक्षम' लिहिलं, सही ठोकली, शिक्का मारला. मुलगा वीकेंडला बंगळुरूहून आलेला, रविवारी रात्रीचं फ्लाइट... वाईट नव्हता हो तो. तुमच्या-माझ्यासारखाच, घाईत.

"मुलं किती, विचारलंत?" नाही. "घर कुणाच्या नावावर?" नाही. "आणि तो वरणभात?" वकिलांनी रात्रंदिवस आजींजवळ असणाऱ्या बाईंची वही पुढे केली. त्या तारखेला नोंद होती: सकाळी पेज, दुपारी पेज.

सॉलिड टरकलो.

गंमत म्हणजे, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात कलम ५९ खाली जवळजवळ हेच उदाहरण दिलंय. आजूबाजूला काय चाललंय ते माणसाला कळतं, रोजच्या प्रश्नांना उत्तरंही देता येतात. पण आपली मालमत्ता काय, नातलग कोण, कुणाला देणं रास्त, हे नीट उमगत नाही. अशा माणसाला मृत्युपत्र करता येत नाही. मी मानसोपचारतज्ज्ञ, आणि हे मला वकिलाकडून शिकावं लागलं!

मृत्युपत्र टिकलं नाही. भाऊ-बहीण आता एकमेकांशी बोलत नाहीत. आजींच्या मनात खरंच काय होतं, ते कुणालाच कळणार नाही. विचारायची संधी मला होती, आणि मी जेवणाची चौकशी करत बसलो.

आता अशा खटल्यांत मला तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बोलावतात. बहुतेक वेळा ज्यांच्याबद्दल बोलायचं ते माणूस गेलेलं असतं, उरते ती फाइल. कोर्टाला नुसत्या आजाराच्या नावात रस नसतो. त्या दिवशी, त्या वेळी डोकं ठिकाणावर होतं का, ते सांगा. मग मी रिपोर्ट चाळतो. सोडियम घसरलेलं? लघवीचं इन्फेक्शन? झोपेची नवी गोळी? म्हातारपणी एवढ्यानंही माणूस भ्रमात जातो, आणि उपचारानंतर बरेचदा भानावर येतो. सगळ्यात कामाला येते ती मात्र बाईंची वही.

आणि मार्क? स्मरणशक्तीची तीस मार्कांची ती प्रसिद्ध टेस्ट आहे ना, शंभरातून सात वजा करत जा वगैरे, तिच्यात चौथी शिकलेल्या एका आजींना १९ मिळाले. समोरचे वकील खूश. पण आजींनी मला दोन आठवड्यांच्या अंतरानं, दोन्ही वेळा, तेच सांगितलं होतं: "दोन खोल्या माझ्या, गावचं अर्धं घर दिरांचं. पोरं तीन. थोरल्या दोघांना धंद्याला पैसे दिले, म्हणून खोल्या धाकटीला."

"१९ म्हणजे नापासच ना, डॉक्टर?" वकिलांनी विचारलं.

"वजाबाकीत, हो," मी म्हणालो.

परवा एका मित्राचा फोन. "यार, आईचं सर्टिफिकेट हवंय. पाच मिनिटांचं काम आहे, शनिवारी येतो." म्हटलं, दोनदा यावं लागेल, सकाळी, प्रत्येक वेळी तासभर. आणि तू बाहेर बसायचं. तो जाम वैतागला. "अरे, ती अगदी नॉर्मल आहे! तुझा विश्वास नाही का?"

मागून काकूंचा आवाज आला, "तासभर ना? मग त्याला सांग, चहा बिनसाखरेचा ठेव म्हणावं."